बाळाचे अंगडे-टोपडे आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार. शिक्षण, नोकऱ्या, व्यसनमुक्ती, स्पर्धा परीक्षा या विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी व्यक्ती बोलत आल्या आहेत. आम्ही पडलो बँकेतले लिपिक आणि कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा आम्ही एक लहानसा विषय घेतला आहे : लहान मुलांचे कपडे. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु ज्या समाजाच्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, त्या समाजाने आपल्या बाळाच्या अंगावर कोणता कापूस चढतो, तो कोणाच्या हातून येतो, याचा विचार करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी आपल्या घरात बाळ जन्माला आले की पहिले काही दिवस त्याला नवे कापड लावीत नसत. आजीचे लुगडे किंवा आईची जुनी साडी धुऊन धुऊन मऊ झालेली असे. तिची दुपटी आणि बाळोती होत. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई. झबले, टोपडे, कुंची घरीच किंवा शेजारच्या शिवणारणीकडे शिवली जात, आणि तीही मांजरपाटाची किंवा मलमलीची. गरिबी हे त्याचे एक कारण होते, हे नाकारून चालणार नाही. पण त्या रीतीत शहाणपणही होते. आज आपल्यापैकी अनेकांना पगार आहे, ही अभिमानाची बाब आहे. त्यामुळे बारशाला, पहिल्या वाढदिवसाला आपण दुकानात जातो आणि जाळीचा, चमकीचा, नायलॉनचा फ्रॉक किंवा कोट-टाय घेऊन येतो. मे महिन्याच्या उकाड्यात ते बाळ घामोळ्यांनी लाल होऊन रडत असते आणि आपण त्याचे फोटो काढीत असतो.

अलीकडे ‘सेंद्रिय कापसाचे कपडे’, ‘नैतिक कपडे’ असे शब्दही कानावर येतात. मोठ्या शहरांत त्यांची खास दुकाने आहेत आणि किमती ऐकून सामान्य माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो. हा श्रीमंतांचा चोचला आहे की त्यात काही तथ्य आहे? या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. आपल्या बाळाच्या अंगाला काय बाधते, हा पहिला भाग. तो कपडा तयार होताना दुसऱ्याच्या बाळाचे काय होते, हा दुसरा.

आधी आपले बाळ. तान्ह्या मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि ते हाताला लागेल ते तोंडात घालते. झबल्याची नाडी, बाही, दुपट्याचे टोक सगळे चोखले जाते. म्हणून रंग आणि कापडावरची प्रक्रिया महत्त्वाची. अझो जातीच्या काही रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटू शकतात, हे लक्षात आल्यावर जर्मनीने १९९४ साली कायदा करून ते बंद केले. भारतानेही १९९० च्या दशकात अशा शंभराहून अधिक रंगांवर बंदी घातली. तरी बिनपावतीच्या, हातात घेताच रंग सोडणाऱ्या भडक मालाची खात्री कोण देणार? चुरगळू नये म्हणून काही कापडांवर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केलेली असते. नव्या कपड्याला उग्र वास येतो, त्याचे हे एक कारण असू शकते. रबरासारखी जाड छापलेली चित्रे, गळ्याशी लांब नाड्या, सहज तुटणारी बटणे आणि टिकल्या हेही धोक्याचेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सेंद्रिय कपडे विकणारे कधी कधी असे भासवितात की, साध्या सुती झबल्यात कीटकनाशक भरलेले असते आणि ते बाळाच्या अंगात उतरते. हे बरोबर नाही. रुईचे सूत होऊन कापड तयार होईपर्यंत ते अनेकदा उकळले जाते, धुतले जाते, शुभ्र केले जाते. शेतातले विष त्यात फारसे उरत नाही. ज्याला महाग कपडा परवडत नाही, त्या आईबापांनी आपण बाळाला विष नेसवतो आहोत, अशी खंत करण्याचे कारण नाही. साधा, पांढरा किंवा फिक्या रंगाचा सुती कपडा घ्यावा, वापरण्यापूर्वी दोन वेळा साध्या साबणाने धुवावा, उन्हात खडखडीत वाळवावा. आपल्या बाळापुरते एवढे पुष्कळ झाले.

मग ते विष जाते कोठे? बंधू-भगिनींनो, ते शेतातच राहते. फवारणाऱ्याच्या अंगावर, विहिरीच्या पाण्यात आणि धुऱ्यावर झोळीत निजविलेल्या लेकराच्या श्वासात. सेंद्रिय कापसाचा खरा प्रश्न हा आहे.

आपला महाराष्ट्र कापसाच्या क्षेत्रात देशात आघाडीवर आहे. चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास जमीन या पिकाखाली असते. आमच्या शाखेत खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी रांगा लागतात, तेव्हा बियाणे, खत आणि औषध या तीन शब्दांभोवतीच सारे बोलणे फिरते. शेतकरी विषाला ‘औषध’ म्हणतो, हे आपण इतके ऐकले आहे की आता ते खटकतही नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी जाईल, फवारणी कमी होईल, अशी आशा होती आणि पहिली काही वर्षे ती खरीही ठरली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणाला दाद देईना आणि रस शोषणाऱ्या किडींसाठी तर फवारणी चालूच होती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती आणि पंपाचा फवारा तोंडावर येत होता. मेलेल्यांत रोजाने फवारणी करणारे मजूर होते. मजुराकडे ना हातमोजे, ना मास्क, ना डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचण्याइतके शिक्षण.

त्याच्याही आधीची एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे सरकी पेरली जाते ती बहुतेक संकरित वाणाची. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात तयार झाला. संकरित बी तयार करावयाचे म्हणजे एकेका फुलाच्या कळीतून पुंकेसर हाताने काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर हाताने चोळायचे. एका एकरात अशी लाखो फुले. या कामाला लहान बोटे आणि पऱ्हाटीएवढी उंची सोयीची, म्हणून आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि गुजरातेतल्या बीजोत्पादनाच्या शेतांवर हजारो मुले, विशेषतः मुली, कामाला लावल्या गेल्याचे वेळोवेळी उघड झाले. राजस्थानच्या डुंगरपूर भागातून आदिवासी मुले गुजरातेत नेली जात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, पण शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा राहिली. शेत ‘घरचे’ आहे असे सांगणे किती सोपे आहे, हे आपणांस सांगावयास नको. म्हणजे ज्या वयात मुलाने अंगडे-टोपडे टाकून शाळेचा गणवेश घालावा, त्या वयात ते दुसऱ्याच्या अंगड्यासाठी कळ्या खुडीत असते.

शेतातून पुढे गिरणी, रंगाई आणि शिलाई. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धत गाजली. गरीब घरच्या किशोरवयीन मुलींना तीन वर्षे वसतिगृहात ठेवून काम करून घ्यायचे आणि लग्नासाठी एकरकमी पैसे शेवटी द्यायचे. मध्येच मुलगी आजारी पडली किंवा घरी गेली तर ती रक्कम बुडे. आमच्यासारख्या बँकेतल्या माणसाला हा हिशेब चटकन कळतो : कामगाराचाच पगार अडकवून ठेवायचा आणि त्याला बक्षीस म्हणायचे. त्याच राज्यातले तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र. आपल्या बाजारातले बाळाचे बनियन, चड्ड्या बऱ्याच तिकडून येतात. तेथल्या रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने २०११ साली शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाणी पूर्ण शुद्ध केल्याशिवाय कारखाना चालविता येणार नाही, अशी अट पडली. शेजारच्या बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविले गेले. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या आणि त्यांच्याही घरी लहान मुले होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामकरी आईचे मूल हा साऱ्या समाजाच्या हिताचा प्रश्न आहे, ही दृष्टी त्यांनी त्या वेळी ठेवली. तीच दृष्टी आपण दुकानात कपडा हातात घेताना ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगताना उपासकाने जे व्यापार करू नयेत असे सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आपण विष विकत नाही, हे खरे. पण विकत घेणाऱ्यामुळेच व्यापार चालतो.

आता प्रश्न येतो की, ओळखायचे कसे? सेंद्रिय शेतीसाठी आपल्या देशात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. जमीन रासायनिक पद्धतीतून सेंद्रियात आणावयास दोन-तीन वर्षे लागतात, त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रियाचा भावही मिळत नाही. जनुक बदललेले बियाणे चालत नाही. कापडापर्यंतची साखळी तपासणारे ‘गोट्स’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ पासून वापरात आहे. त्याचे ‘सेंद्रिय’ हे लेबल लागायचे तर कपड्यात निदान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो. ७० टक्के असेल तर ‘सेंद्रिय धागा वापरून केलेला’ एवढेच म्हणता येते. त्यात रंग, सांडपाणी, बालमजुरी व कामगारांच्या हक्कांच्याही अटी आहेत. ‘ओइको-टेक्स’ हे दुसरे चिन्ह केवळ कपड्यातील घातक द्रव्ये तपासते. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांसाठी सर्वांत कडक वर्ग आहे. मात्र ते चिन्ह असले म्हणजे कापूस सेंद्रिय झाला असे नव्हे. हा फरक दुकानदारालाही पुष्कळदा माहीत नसतो.

आणि चिन्ह म्हणजे ब्रह्मवाक्यही नव्हे. २०२० साली आपल्याच देशात सेंद्रिय कापसाच्या बनावट प्रमाणपत्रांचा मोठा घोटाळा ‘गोट्स’नेच उघड केला. सुमारे २० हजार टन कापसाचा त्यात प्रश्न होता. बँकेत आम्ही शिक्का पाहतो, पण शिक्क्याखालची सही आणि क्रमांकही पाहतो. तसेच येथे करावे. खऱ्या लेबलावर तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो. नुसते हिरवे पान छापून ‘नॅचरल’ लिहिले असेल, तर त्याला काही अर्थ नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या संस्थेत सेंद्रिय कापसाची, वनस्पतींच्या रंगांची खादी तयार होते. जाणे-येणे होत असेल त्यांनी ती जरूर पाहावी. कापूस कोठला, सूत कोणी कातले, हे तेथे समोरासमोर विचारता येते.

किमतीबद्दल आम्ही एक कारकुनी हिशेब मांडतो. तान्ह्या बाळाचे एक झबले साधारण ५० ग्रॅमचे धरू. सूत काढताना आणि कापड बेतताना जी नासाडी होते ती धरून त्याला ६५ ग्रॅम रुई लागेल. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे ३४ किलो. म्हणजे एका झबल्याला जवळपास २०० ग्रॅम कापूस झाला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या दराने २०० ग्रॅमचे सोळा रुपये होतात, आणि वेचणारणीची मजुरी त्या सोळांतूनच जाते. समजा, सेंद्रिय पिकविल्याबद्दल शेतकऱ्याला शेकडा वीस रुपये जादा दिले, तर एका झबल्यामागे किती वाढतील? सव्वातीन रुपये. तपासणी, वेगळी साठवण, लहान प्रमाणावरची शिलाई हे खर्च मान्य केले, तरी साधे झबले दीडशेचे आणि सेंद्रिय सहाशेचे होते, तेव्हा मधले सारे पैसे शेतात जात नाहीत, हे उघड आहे. म्हणून आम्ही महागडी खरेदी करा असे सांगत नाही. उलट, कमी कपडे घ्या, चांगले घ्या आणि कोणाला पैसे पोचतात हे विचारा, असे सांगतो. बाळ तीन महिन्यांत झबल्याच्या बाहेर जाते. डझनभर कपडे कशाला?

यावर जाणकार म्हणतात की, सर्वांत निर्दोष कपडा म्हणजे वापरलेला कपडा. नवा कापूस नाही, नवा रंग नाही, आणि पुष्कळ धुतल्यामुळे मऊही झालेला. म्हणणे खरे आहे. पण आपल्या समाजात हे बोलताना जपून बोलावे लागते. प्रेताच्या अंगावरचे कापड हा ज्यांचा ‘हक्क’ ठरविला होता, मृतांची वस्त्रे ज्यांनी नेसावीत असे मनुस्मृतीत लिहून ठेवले होते, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी खूण टाका, नीटनेटक्या राहा, ठिगळ असले तरी चालेल पण कपडा स्वच्छ असू द्या, असा उपदेश केला. तेव्हा आपली एखादी आई हट्टाने म्हणत असेल की, ‘माझ्या बाळाला कोणाचे उतरलेले घालणार नाही,’ तर तिला अडाणी म्हणू नका. त्या हट्टामागे इतिहास आहे.

तरीही उतरलेले आणि उतरवून दिलेले यांत फरक आहे. वरून खाली फेकलेला कपडा घेणाऱ्याला नको म्हणता येत नव्हते. आत्याने भाच्याला, शेजारणीने शेजारणीला, बरोबरीच्या नात्याने धुऊन-घडी करून दिलेला कपडा हा मायेचा असतो. विनयपिटकात आनंद स्थविरांची एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाने विचारले, इतक्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने. जुन्या आच्छादनांचे काय? गादीचे अभ्रे. पुढे जमिनीवरची बैठक, मग पायपुसणे, मग झटकणे, आणि शेवटी चिंध्या मातीत मळून लिंपण. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आज्यांनी ही कथा वाचली नव्हती, पण लुगड्याचे दुपटे, दुपट्याचे बाळोते आणि बाळोत्याचे पोतेरे त्या करीत होत्या.

जुने कपडे देता-घेताना एक काळजी अवश्य घ्या. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेले कपडे तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. डांबरगोळीतल्या नॅप्थालीनने अशा बाळाच्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ बळावते. ती नवजात बाळाच्या जिवावरही बेतू शकते. आपल्या बाळात हा दोष आहे की नाही हे बहुधा आधी माहीत नसते, म्हणून लहान मुलांच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच बाळाला घाला.

शेवटी संस्थेपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. आपल्याकडे बाळंतविडा देण्याची रीत आहेच. महिला मंडळाने संस्थेचा बाळंतविडा सुरू करावा. साधे सुती, शक्य तेव्हा खात्रीच्या सेंद्रिय कापसाचे कापड ठोक भावाने आणावे. आपल्यातल्या शिवणकाम येणाऱ्या भगिनींकडून चार झबली, दोन टोपडी, सहा लंगोट, दोन दुपटी असा संच शिवून घ्यावा आणि त्यांना रास्त शिलाई रोख द्यावी, सेवा म्हणून फुकट राबवू नये. हा विडा वस्तीतल्या प्रत्येक बाळाला जावा, मग ते अधिकाऱ्याचे असो की सफाई कामगाराचे. बाळ मोठे झाले की जे धड राहिले ते धुऊन परत यावे आणि पुढच्या घरी जावे. एक वही ठेवावी. तिचा हिशेब आम्ही बिनपगारी लिहू. सर्वांना सारखाच मिळतो आणि सर्वांकडून परत येतो, तेव्हा कोणाला कमीपणा वाटणार नाही. अधिकाऱ्याच्या मुलाचे झबले मजुराच्या मुलाला जाईल, तसेच मजुराच्या मुलाचे अधिकाऱ्याच्या मुलालाही जाईल.

यवतमाळच्या फवारणाऱ्याचे किंवा डुंगरपूरच्या मुलीचे दुःख एका झबल्याने दूर होणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी कायदा, संघटना आणि सरकारवर दबाव लागतो, आणि तेही काम आपण सोडू नये. परंतु आपण शिकलो, नोकरीला लागलो, शेतातून बाहेर पडलो म्हणून मागे शेतात राहिलेल्यांशी आपले नाते संपले असे होऊ नये. बाळाला कपडा घालताना क्षणभर त्या हातांची आठवण झाली आणि त्या आठवणीने आपला हात पुढच्या खरेदीत थोडा विचारी झाला, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.